कांद्याचा भाव, फुल्या आणि सात कॉम्प्युटर

पत्र थोडक्यात असं: नाशिक जिल्ह्यातल्या कांदापट्ट्यातलं एक अनुदानित हायस्कूल. पत्र लिहिणाऱ्या मॅडम गणित शिकवतात. नववीच्या वर्गात ५४ मुलं-मुली. लॅबमध्ये १२ कॉम्प्युटर, त्यातले ७ चालू, सगळे विंडोज ७ वाले, नेट आलं तर आलं. जूनपासून दर शनिवारी दोन तासिका 'कोडिंग'साठी मिळतायत. मॅडम स्वतः यूट्यूबवर बघून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकल्या आणि त्याच क्रमाने शिकवायला घेतलं. प्रिंट, व्हेरिएबल, डेटा टाइप, इफ-एल्स, लूप (म्हणजे तेच काम परत परत करून घेणारी सूचना). दिवाळी झाली तरी गाडी लूपवरच अडलीय. चार-पाच मुलगे भराभर पुढे गेले, कीबोर्ड कायम त्यांच्याच हातात, बाकीचे फळ्यावरचं वहीत उतरवून घेतात, मुली मागच्या बाकावर. 'प्रोग्रॅमिंग पक्कं झालं की जानेवारीपासून डेटा व्हिज्युअलायझेशन, म्हणजे आकड्यांचे आलेख' असं ठरलं होतं, ते आता काही होत नाही. हेडमास्तरांना स्नेहसंमेलनात दाखवायला ॲप हवंय. पालक विचारतात दहावीला याचे मार्क किती. आणि पुण्यात आयटीत असलेला एक माजी विद्यार्थी येऊन सांगून गेला की आता कोड एआयच लिहितं, कशाला डोकं पिकवताय. मॅडम विचारतात, 'मुलांचं इंग्रजी कच्चं, मशीन अपुरी, मी पण कॉम्प्युटरवाली नाही. बंद करू? ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या स्क्रॅचवर जाऊ? की डेटाचा नाद सोडून निदान लूप तरी पक्कं करून घेऊ?'

मॅडम,

बंद करू नका. स्क्रॅचवर पण आत्ता जाऊ नका. स्क्रॅच वाईट आहे म्हणून नाही हं, २००७ पासून जगभरातली पोरं त्यावर शिकतायत आणि तुमच्या सहावी-सातवीला ते जरूर द्या, पण नववीच्या पोरांना त्यातलं मांजर इकडून तिकडे पळवायला दिलं की 'हे बारक्यांचं आहे' म्हणून ती हसणार, आणि तसंही तुमची अडचण भाषा कुठली घ्यायची ही नाहीचे. अडचण क्रमात आहे.

'प्रोग्रॅमिंग पक्कं झालं की डेटा' हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. हे कुणी ठरवलं? यूट्यूबच्या कोर्सने ठरवलं. तो कोर्स ज्याच्यासाठी केलेला असतो त्याला नोकरी हवी असते, त्याने आधीच ठरवलेलं असतं की आपल्याला पायथन शिकायचंय, म्हणून तो दहा व्हिडिओ निमूट बघतो. तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलीने असं काही ठरवलेलं नाही. तिला फॉर लूप कशाला लागतं हेच कळलेलं नाही आणि मला विचाराल तर तिचं बरोबर आहे, १ ते १० आकडे छापायला लूप कुणालाच लागत नाही, हाताने लिहून होतात. लूपची गरज कधी वाटते, तेच ते काम तिसाव्यांदा करताना हात दुखायला लागला की. आणि तो हात दुखायला लावणारी गोष्ट म्हणजे डेटा. म्हणजे जे तुम्ही जानेवारीवर ढकललंत तेच खरं तर पहिलं यायला हवं होतं, आणि अजूनही येऊ शकतं.

डेटा पण कुठला, तर तुमच्या गावातला. पुस्तकातली 'एका वर्गातील विद्यार्थ्यांचे आवडते खेळ' सारणी नको, ती बघून कुणालाच काही प्रश्न पडत नाही. तुम्ही कांदापट्ट्यात आहात, तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी ट्रॅक्टरवर बसून मार्केट यार्डात लिलाव बघितलेला असणार. लासलगाव, पिंपळगाव, येवला, जी बाजार समिती जवळची असेल तिचे रोजचे भाव पेपरात येतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, राज्याच्या पणन मंडळाच्या आणि केंद्राच्या ॲगमार्कनेटच्या साइटवर जुन्या तारखांचेही मिळतात. रोजची आवक आणि क्विंटलमागे भावाचे तीन आकडे, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. एका महिन्याचे भाव तुम्ही घरून एका कागदावर उतरवून न्या, झेरॉक्स काढा, लॅब उघडूच नका.

पहिल्या शनिवारी नुसतं एवढंच विचारा की हे तीन आकडे का देतात, एक का नाही. बघा वर्ग कसा बोलायला लागतो. कुणीतरी म्हणेलच की आमच्या पप्पांना कमाल भाव कधीच मिळत नाही. मग कुणाला मिळतो? एखादी गाडी एकदम एकसारख्या मालाची आली, तिला. आणि किमान? गोल्टी म्हणजे बारका कांदा, खाद म्हणजे खराब झालेला, भिजलेला माल, त्याला. समजा एका दिवशी किमान ५००, कमाल २१००, सर्वसाधारण १८५० आहे. पोरं लगेच पहिल्या दोघांची सरासरी काढतात, ती येते १३००, आणि मग वाद सुरू होतो की १३०० खरा की १८५०. तुम्हाला मध्य, मध्यक, बहुलक शिकवायला याहून चांगला मुहूर्त कुठला हवाय? बहुतेक माल ज्या भावाच्या आसपास गेला तो सर्वसाधारण, हे त्यांना घरी माहिती असतं, आपण फक्त त्याला वहीत जागा करून द्यायची.

मग आलेख कागद. होय, आलेख कागद आणि पेन्सिल, कोडिंगच्या तासाला. हेडमास्तर डोकावले तर डोकावू द्यात. रेषालेख आणि स्तंभालेख विल्यम प्लेफेअरने १७८६ साली पुस्तकात छापले, कॉम्प्युटरचा तेव्हा पत्ताच नव्हता. हाताने महिन्याभराचा रेषालेख काढताना पोरांना असे दोन-तीन निर्णय घ्यावे लागतात जे कॉम्प्युटर गपचूप स्वतः घेऊन टाकतो. उभ्या अक्षावर प्रमाण काय घ्यायचं, शून्यापासून सुरू करायचं की हजारापासून. आणि सगळ्यात मजेची गोष्ट, लिलाव बंद होता त्या दिवसाचं काय करायचं.

यावर जरा थांबा, कारण इथे खरं शिक्षण आहे. रविवार, सणवार, व्यापाऱ्यांनी बंद ठेवला, त्या दिवशी भाव नाही. अर्धा वर्ग तिथे शून्य लिहिणार. रेष धाडकन खाली जमिनीवर येणार आणि सोमवारी परत वर. एखादी मुलगी म्हणेल रेष तोडायची, एखादा म्हणेल शनिवारचाच भाव पुढे न्यायचा, कुणी म्हणेल सरळ जोडून टाका. घाईने उत्तर देऊ नका! शून्य भाव म्हणजे कांदा फुकट गेला आणि लिलाव बंद म्हणजे भावच निघाला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांचं त्यांना म्हणू द्या. मोठमोठ्या ऑफिसात पगारी माणसं रिकाम्या रकान्याला शून्य समजून चुकीचे तक्ते साहेबांपुढे ठेवतात, तुमची पोरं नववीतच त्यातून सुटतील.

आता एक महिना हाताने झाला की म्हणा, छान, आता वर्षभराचा काढा. ओरडा होईल. तो ओरडा झाला की लॅब उघडायची.

आणि लॅबमध्ये पहिल्याच दिवशी चित्रबित्र काढणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, नको. पायथनमध्ये अवतरणचिन्हात एक फुली लिहून पुढे गुणिले १८ केलं की १८ फुल्या छापल्या जातात, बस, झाला तुमचा स्तंभालेख, आडवा. भावाला १०० ने भागायचं, येतील तितक्या फुल्या. एका दिवसाची एक ओळ. एक ओळ लिहून झाली, दोन झाल्या, पाच झाल्या, सहाव्याला कुणीतरी विचारतं 'मॅडम हे परत परत का लिहायचं', की त्या क्षणी फळ्यावर फॉर लूप लिहा. जे लूप तुम्हाला दिवाळीपर्यंत पुरलं ते त्या दिवशी एका तासिकेत पुढे सरकेल. सगळ्यांना लिहिता येईल असं मी म्हणत नाही, पण ते कशासाठी आहे हे सगळ्यांना कळलेलं असेल, आणि लिहिणं मग सरावाने येतं.

यात एक गंमत आहे जी गणिताच्या शिक्षकालाच नीट खेळवता येईल, म्हणून सविस्तर सांगते. १८५० भागिले १००, साडेअठरा. साडेअठरा फुल्या छापायला सांगितल्या की पायथन एरर देतं, अर्धी फुली त्याला माहीत नाही. मग मुलं म्हणणार पूर्णांकात करूया, तुम्ही राउंड सांगणार. तुम्ही वर्गात शिकवलंय ५ आला की वर न्यायचं, म्हणजे १९. पायथन देतं १८. आणि १९५० चे साडेएकोणीस होतात तेव्हा तेच पायथन वर नेऊन २० देतं. म्हणजे भावात फरक १०० रुपयांचा आणि फुल्यांत फरक दोनचा! चुकलं कोण? कुणीच नाही. बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडे न्यायचं असा पायथन ३ चा नियम आहे, म्हणजे खूप आकडे एकत्र करताना सगळेच वरच्या बाजूला फुगत नाहीत. हे आधी सांगून टाकू नका. १८५० आणि १९५० मुद्दाम तुमच्या कागदावर असू द्या आणि कोण पकडतं ते बघा. माझी पैज आहे की तुमच्या त्या भराभर पुढे जाणाऱ्या चौघांपैकी कुणी पकडणार नाही, वहीत फुल्या मोजत बसलेलं कुणीतरी पकडेल.

इंग्रजीचं. मॅडम, या बाबतीत तुम्ही मुलांना उगाच कमी लेखताय. पायथनचे राखीव शब्द आहेतच मुळी ३५ च्या आसपास, त्यातले नववीला दहा-बारा पुरतात, आणि तुमची पोरं मोबाइलवर गेम खेळताना याच्या चौपट इंग्रजी शब्द वापरतात. व्हेरिएबलची नावं तर पायथन ३ मध्ये सरळ मराठीत चालतात, भाव, आवक, तारीख, काही बिघडत नाही. कोडच्या आत आकडा मात्र इंग्रजीच टाइप करावा लागतो, देवनागरी १२ लिहिलं तर एरर येतो, पण गंमत म्हणजे वापरणाऱ्याकडून इनपुट घेतलं आणि त्याने देवनागरीत १२ टाइप केलं तरी अक्षरांचा आकडा करणारं इंट त्याचा बरोबर बारा करून देतं. घाबरवणारं इंग्रजी असतं ते एररचं, लाल अक्षरातलं. त्याला उपाय सोपा आहे. नियम करा की फक्त शेवटची ओळ वाचायची, आणि लॅबच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा, नवा एरर आला की ज्या गटाला आला त्यांनी तो तिथे लिहायचा आणि खाली मराठीत, स्वतःच्या भाषेत, 'म्हणजे कंस बंद करायचा राहिला' असं. डिसेंबर संपेपर्यंत तो कागद तुमचं पाठ्यपुस्तक होईल.

पुढे खरे आलेख काढायला जाल तेव्हा एक खड्डा आहे तो आत्ताच सांगून ठेवते म्हणजे तुमचा शनिवार फुकट जाणार नाही. पायथनमध्ये आलेखासाठी सगळे मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी सांगतात. त्यात मराठी नावं दिली की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात, कारण त्याच्या नेहमीच्या फॉंटमध्ये देवनागरी नाहीच. फॉंट बदलला तरी तुमच्या मशीनवर चालतील त्या आवृत्त्यांमध्ये जोडाक्षरं सुटी पडतात आणि शनिवारमधली वेलांटी न च्या पलीकडे जाऊन बसते. दोन रात्री जागून सोडवत बसावं असं हे काम नाही. पेन ड्राइव्हवरून लिबर ऑफिस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका, त्यातल्या एक्सेलसारख्या कॅल्कमध्ये आलेखावर मराठी व्यवस्थित उमटतं. आकडेमोड आणि साफसफाई पायथनने, शेवटचा भिंतीवर लावायचा आलेख कॅल्कमध्ये, अशी विभागणी करा. आणि एक्सेल-कॅल्क म्हणजे प्रोग्रॅमिंग नाही असं जे काही लोक नाक मुरडून म्हणतात ना, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. एका सेलमध्ये इफचं सूत्र लिहून ते तीनशे ओळींत खाली ओढणारी मुलगी प्रोग्रॅमिंगच करतेय. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचा धडा आहेच, तेवढा भाग आपोआप होऊन जातो.

आता सात मशीन आणि ५४ डोकी. एकेकाला एकेक कॉम्प्युटर मिळाला असता तर सगळं सुरळीत झालं असतं हे मला अजिबात पटत नाही, चौपन्न जण चौपन्न वेगवेगळ्या एररवर अडकले असते आणि तुम्ही एकट्या. निम्मा वर्ग लॅबमध्ये, निम्मा शेजारच्या वर्गात किंवा व्हरांड्यात आलेख कागदावर, तासिका बदलली की अदलाबदल. लॅबमध्ये २७ आले, म्हणजे मशीनमागे चार, एकात तीन. चौघांना चार कामं. एकजण टाइप करणार पण स्वतःच्या मनाने काही टाइप करायचं नाही, दुसरा सांगणार काय टाइप करायचं, तिसरा हाताने वहीत तेच करून उत्तर जुळतं का बघणार, चौथा एरर आणि प्रश्न लिहून घेणार. दर दहा मिनिटांनी घंटी, कामं बदलायची. कीबोर्ड पहिल्या फेरीत मुलींकडे. यावर मुलगे कुरकुर करतील, करू द्यात. आणि ते चार-पाच हुशार मुलगे एकाच मशीनवर ठेवू नका, आणि त्यांना 'सर' बनवून सगळीकडे फिरवू पण नका, ते काय करतात मला माहितीये, दुसऱ्याच्या हातातला माउस घेऊन स्वतःच करून देतात आणि 'झालं' म्हणतात. त्यांना नियम घाला, मदत करताना हात पाठीमागे, फक्त तोंडाने सांगायचं. आठवड्याभरात त्यांनाही कळतं की आपल्याला येत होतं पण सांगता येत नव्हतं.

एक गोष्ट तुम्ही गणिताच्या आहात म्हणून खास सुचवते, यात कॉम्प्युटर लागतच नाही. १९७३ साली फ्रान्सिस ॲन्सकोम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने आकड्यांचे चार संच तयार केले, प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची साधारण साडेसात, बाकीची आकडेमोडही जवळपास सारखीच. नेटवर कुठेही मिळतील. वर्गाचे चार गट करा, एकेका गटाला एकेक संच, दुसऱ्याचा दाखवायचा नाही. आधी सरासरी काढून फळ्यावर लिहा. चारही गटांची सारखी आली की वर्ग म्हणणार, मॅडमनी सगळ्यांना एकच दिलंय. मग म्हणा, बिंदू मांडा आणि भिंतीवर लावा. एक तिरप्या रेषेत विखुरलेला, एक चक्क कमान, एक सरळ रेषेत पण एकच बिंदू भलतीकडे पळालेला, आणि चौथ्यात सगळे एकाखाली एक उभे आणि एकटाच बिंदू लांब जाऊन बसलेला. आलेख कशाला काढायचा, सरासरी पुरे की, असं पुन्हा कुणी विचारणार नाही.

हेडमास्तरांचं ॲप. त्यांना ॲपच हवंय असं नाही हो, त्यांना पाहुण्यांपुढे दाखवता येईल असं काहीतरी हवंय, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, शाळा चालवायची तर दाखवावंही लागतं. ॲपचा हट्ट धरलात तर काय होणार, कुणाचा तरी दादा येऊन तयार कोड टाकून देणार आणि दोन मुलगे स्टेजवर बटण दाबणार. त्याऐवजी ऑफिसबाहेरच्या भिंतीवर तीन मीटर लांब कांद्याच्या भावाचा रेषालेख लावा, २०२३ च्या ऑगस्टपासून २०२५ च्या एप्रिलपर्यंतचा, आणि त्यावर तारखा दाखवा. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली पण शुल्क आणि किमान निर्यात मूल्य लागलं. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० वर आलं. १ एप्रिल २०२५ ला ते गेलं. स्नेहसंमेलनाला आलेला प्रत्येक बाप त्या भिंतीपुढे उभा राहणार, हे मी लिहून देते, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीला विचारणार की हे कसं काढलं. ते तिला सांगता आलं पाहिजे, एवढीच तयारी करून घ्या. तिला हेही सांगता आलं पाहिजे की बंदीनंतर भाव पडला म्हणजे सगळा बंदीनेच पडला असं नुसत्या या रेषेवरून म्हणता येत नाही, त्याच सुमाराला लाल कांद्याची आवक पण वाढते, म्हणून खाली आवकेचा दुसरा आलेख लावलाय. राजकारण करू नका, दोन्ही आलेख लावा आणि गप्प बसा. हेडमास्तर फारच अडून बसले तर नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावीपासून कोडिंग म्हटलंय ते दाखवा, आणि तिथे ॲप करा असं कुठेही म्हटलेलं नाही तेही दाखवा.

या कामात एक सांभाळा. उत्साहाच्या भरात मुलांना घरच्या पट्ट्या, म्हणजे कांदा विकल्याच्या पावत्या, आणायला सांगू नका. कुणाच्या घरी किती पैसे आले, कुणाची उलटी पट्टी आली म्हणजे खर्च वजा जाता पदरचेच पैसे गेले, कुणी साठवणीच्या चाळीतला कांदा फेकून दिला, हे वर्गात उघडं पडायला नको. बाजार समितीचे जाहीर आकडे पुरेसे आहेत. तसंच मुलांची वजनं, मार्क, जात, फी बाकी, यातलं काही आलेखासाठी वापरायचं नाही, शाळेच्या रजिस्टरात असलं तरी नाही. कुठल्या साइटवर मुलांच्या नावाने खाती उघडायची असतील तर २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीचं बंधन आहे हे लक्षात ठेवा. ऑफलाइन काम करण्याचा हा एक फायदाच म्हणायचा.

पालकांना खरं सांगा. दहावीला कोडिंगचा वेगळा मार्क नाही. पण दहावीच्या बीजगणितात सांख्यिकीचं अख्खं प्रकरण आहे, मध्य, मध्यक, बहुलक, आयतालेख, वृत्तालेख, आणि ते ज्या पोराने कांद्याच्या भावावर केलंय त्याला पाठ करावं लागणार नाही. याच्या पलीकडे, पोरगं इंजिनिअर होईल, पॅकेज मिळेल, असलं काही कबूल करू नका. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन कोडिंग क्लासच्या जाहिरातींनी सहा वर्षांच्या पोरांना कोट्यधीश करून झालंय.

आणि तो पुण्याचा माजी विद्यार्थी. चुकीचं काही बोलला नाही तो, एआय फुल्यांचा प्रोग्रॅम दोन सेकंदात देतं. पुढच्या वेळी आला की त्याला एक काम द्या. वर्गासमोर त्याच्या फोनवरून एआयला बंद दिवसांसकट भावाची यादी देऊन आलेख मागायला सांगा आणि पोरांना तपासायला बसवा, रविवारचं काय केलंय, शून्य धरलंय की सोडलंय की मधलं स्वतःच भरलंय, अक्ष कुठून सुरू केलाय, आणि जे केलंय ते सांगितलंय का. कदाचित सगळं बरोबर येईल, कदाचित नाही. पण तपासायचं काय हे ज्यांना माहितीये अशी ५४ पोरं त्याच्यासमोर बसलेली असतील, त्याच्या ऑफिसात किती आहेत ते त्याला खासगीत विचारा.

राहिलं तुमचं स्वतःचं, 'मी कॉम्प्युटरवाली नाही'. वरचं सगळं परत वाचा, त्यात कॉम्प्युटरचं किती आणि गणिताचं किती ते बघा. अक्षाचं प्रमाण, सरासरीचा वाद, राउंडचा नियम, हे सगळं कॉम्प्युटरवाल्या माणसापेक्षा तुम्हाला जास्त चांगलं घेता येईल. कोडमध्ये अडलात तर मुलांसमोरच अडा, शेवटची ओळ मोठ्याने वाचा, भिंतीवरचा कागद बघा, नाही सुटलं तर पुढच्या शनिवारी. पोरांना मॅडम सगळं जाणतात असं वाटायची काही गरज नाही, एरर आला की माणूस काय करतो हे बघायला मिळालं की झालं.

दर शनिवारी दोन तासिका म्हणजे फेब्रुवारीपर्यंत साधारण दहा-बारा शनिवार हातात येतात, त्यात सुट्ट्या, सराव परीक्षा, स्नेहसंमेलनाची तालीम जाऊन आठ धरा. पहिले दोन कागदावर, तिसरा ॲन्सकोमला, मग तीन फुल्या आणि लूपला, उरलेले दोन कॅल्क आणि भिंतीसाठी. क्लास, डिक्शनरी, फंक्शन वगैरे यावर्षी विसरा. कुणी विचारलंच तर त्याला वेगळं बसवून सांगा, वर्गाला नको.

ता.क. विंडोज ७ वर पायथनची नवी आवृत्ती टाकायला जाऊ नका, ३.९ पासून पुढची त्यावर चालत नाही. ३.८ लागेल. थॉनी नावाचा एक साधा एडिटर आहे, एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच केलेला, त्याची ३.८ सकट येणारी जुन्या विंडोजसाठीची ३२ बिटची आवृत्ती मिळते, पायथन वेगळं टाकावं लागत नाही आणि नेट नसलं तरी चालतं. एकदा पेन ड्राइव्हवर घ्या, लिबर ऑफिसचीही विंडोज ७ वर चालणारी जुनी आवृत्तीच घ्या, आणि सातही मशीनवर शुक्रवारीच टाकून ठेवा, शनिवारी सकाळी नाही.